कोरडे होईपर्यंत

३ जून

आज रुजू झाले! छोटंसं रुग्णालय आहे, दोन मजल्यांचं, फिनेलच्या वासाचं. माझं टेबल औषधांच्या कपाटाला खेटून आहे. खुर्ची मागे सरकवली की दार उघडत नाही. पण टेबल माझं आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली, तेव्हा टेबलही पहिलंच. काम स्वच्छतेचं शिक्षण देण्याचं. आज प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली अडकवली. आईला फोन केला, तर म्हणाली, एवढी शिकलीस ती लोकांना हात धुवायला शिकवायला होय गं? आणि हसून हसून तिला ठसका लागला. मग शेजारीपाजारी सांगून आली.

५ जून

पहिला वर्ग घेतला. तळहात भरेल एवढं घ्यायचं, तळव्यावर तळवा, मग हातांची मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळायचं. ओल्या हातांनी रुग्णाला शिवायचं नाही. हात मळलेले असतील तर आधी साबण आणि पाणी, त्याला पर्याय नाही. एवढं सांगून झालं आणि वॉर्डातल्या मावशी ओल्या हातांनीच चहाचा स्टोव्ह पेटवायला निघाल्या! मी किंचाळलेच. त्यात स्पिरिट असतं, भडका उडाला असता. तेव्हापासून माझं नाव कोरडे मॅडम पडलंय. मोठ्या सिस्टर सगळ्यांना सांगत होत्या, ही पोरगी हात धुऊन आपल्या मागे लागलीय. मला आवडलं ते.

९ जून

कोपऱ्यातली खाट रिकामी आहे, तरी तिथली बाटली रोज अर्धी होते. मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी काय पिते का ते?

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका दाखल आहेत. सकाळी त्यांच्या हातातून पेला पडला. तळवे, हातांची मागची बाजू, बेचक्या, कुठेच स्पर्श कळत नाही. अंगठे आणि बोटांची टोकं मात्र शाबूत. डॉक्टर म्हणाले, नसांचं काहीतरी असेल, तपासण्या करू. काकांनी उलट माझं कौतुक केलं. काल दुपारी डोळे मिटून पडले होते, तर बाटलीचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग कोरडे, गार हात. तुमची माणसं शिस्तीची हो, हात सुकल्याशिवाय शिवत नाहीत.

काल दुपारी त्यांच्याकडे कुणीच गेलं नव्हतं. मी दोनदा विचारून खात्री केली.

१० जून

जेवण गेलं नाही. स्वतःलाच रागावले, शिकलेल्या मुलीने असं करायचं नसतं. कामाला लागले. पहिल्या वर्गात घाबरून मी अंगठे शिकवायलाच विसरले होते, आणि बोटांची टोकंही. आज दुसरा वर्ग घेतला. अंगठा मुठीत धरून फिरवायचा, टोकं तळव्यावर घासायची. सगळ्यांनी छान केलं.

आईच्या पित्ताशयात खडे आहेत. मीच म्हटलं होतं, इथेच ये, आमच्याकडची स्वच्छता बघ.

१२ जून

दुपारची सामसूम होती. मी कोपऱ्यातल्या खाटेसमोर उभी होते. बाटलीचा पंप आपोआप खाली दबला. द्रव जमिनीवर पडला नाही. हवेतच थांबला, पसरला — दोन हात दिसले. नुसते ओले हात, मनगटापर्यंत. तळव्यावर तळवा. मागची बाजू. बेचक्या. मग अंगठा मुठीत धरून फिरवला. मग टोकं.

अगदी मी शिकवलं तसं.

मग ते सुकत गेले, आणि सुकले तसे दिसेनासे झाले.

पलीकडच्या खाटेवर दाखल झालेल्या एका शाळेतल्या बाई झोपल्या होत्या.

१३ जून

बाईंना खडू धरता येईना. अंगठा, टोकं, काहीच कळत नाही. जेवढं मी शिकवलं तेवढंच जातं. काकांच्या वेळी अंगठे, टोकं शिकवलेली नव्हती —

सगळ्या बाटल्या काढून टाकल्या. मोठ्या सिस्टर भडकल्या. म्हणाल्या, अगं, टाके असलेली माणसं आहेत, जंतू पसरले तर कोण उत्तर देणार? त्यांचं चुकलं नाही. त्यांनी बाटल्या परत लावल्या.

संध्याकाळी बाबा आईला घेऊन आले. कळ थांबेना. दुसरीकडे न्या म्हटलं, तर बाबा म्हणाले, आता कुठे हिला फिरवत बसू? आणि तू आहेस की इथे.

आई शिवणकाम करते. सुईत दोरा ती अंधारातही ओवते, बोटांनीच. त्या हातांवर मी शिकले.

१४ जून

ऑपरेशन झालं. आई वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटीच, गुंगीत आहे. हलवता येत नाही.

दुपार. तिच्या खाटेची बाटली दबली.

ते हात आलेत —

एक गोष्ट लक्षात आलीय. ओल्या हातांनी ते शिवत नाहीत. मी सांगितलेलं पाळतात. म्हणून मी डाव्या हाताने त्यांच्यावर ओततेय. सुकायला लागले की पुन्हा. उजव्या हाताने लिहितेय, कुणाला तरी कळायला हवं. ते थांबलेत. मुकाट चोळतायत. गुणी मुलांसारखे.

मी ओरडले. मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनीही पाहिलं — तोंडावर पदर — नवी बाटली आणायला पळाल्या —

पंप नुसता हवा फेकतोय. झाकण काढून ओतलं. संपलं.

मनगटं सुकली. तळवे सुकतायत. सिस्टर अजून —

आईची बोटं चादरीवर हलतायत, सुई चालवल्यासारखी.

फक्त टोकं ओली उरलीत —

तिचे हात पांघरुणात लपवले. माझा डावा हात पुढे केला. याला शिवा, म्हटलं, हा घ्या. धरलाय. हळू आहे फार. दुखत नाही. तळवा गेला. बेचक्या —

आई जागी झाली. विचारतेय, कुणाशी बोलतेयस गं? म्हटलं, शिकवतेय. झोप तू.

डावा झाला. आता हा —

पेन दिसतंय, पण हातात