लाल फडक्याचा नियम

चि. बारक्या (वय वर्षे त्रेसष्ट) यास,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तूही असशील असं धरून चालतो, कारण धरून चालण्याखेरीज तू माझ्यापाशी काही ठेवलेलं नाहीस. हे सातवं पत्र. आधीच्या सहांपैकी एकालाही उत्तर नाही. पोस्टमनवर संशय घेऊन झाला, तो बिचारा मला पाहिलं की हल्ली सायकल पलीकडच्या बाजूने काढतो. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना कठडा धरतोस ना? (नसशीलच. तुझी बायको ओरडायची म्हणून धरायचास.)

पत्रास कारण की, मी बालवाडीत जाऊ लागलो आहे. मुलगा आणि सूनबाई दोघंही सकाळीच कामावर पळतात, आणि नवं मूल रमेपर्यंत घरच्या कोणीतरी वर्गात बाकावर बसावं अशी तिथली पद्धत आहे. नात दुसऱ्याच दिवशी रमली. मला मात्र सहा आठवडे झाले तरी बाई घरी पाठवत नाहीत, किंवा मी जात नाही, नक्की काय ते आम्ही दोघांनीही उकरून काढलेलं नाही.

मधे एकदा मी बाईंशी भांडायलाच गेलो. महिना सरला तरी पोरीला एक अक्षर येईना. बाई म्हणाल्या, "पहिल्या सत्रात आम्ही खेळतोच फक्त. तुम्ही बसून बघा काय शिकतात ते." मी बघू लागलो. नात अर्धा अर्धा तास एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतते, थेंब सांडला की स्वतःच पुसते. मी छत्तीस वर्षं इस्पितळाच्या स्टोअरमध्ये स्पिरिट मोजून दिलं, पण इतकं मन लावून नाही. दुसऱ्याच्या खेळात शिरायचं तर "मी येऊ का?" असं विचारावं लागतं. समोरचा "नंतर" म्हणाला तर शेजारी बसून राहायचं. नात अशी एकदा बराच वेळ बसली, रुसली नाही, आणि मग तिला बोलावणं आलं. हा गुण आपल्या घराण्यात कुठून आला कोण जाणे.

आता मुख्य भानगड. परवा मुलं वाळूत खेळायला बाहेर गेली आणि वर्गात मी एकटाच उरलो. मधोमध हा पसारा: चार खुर्च्या उलट्या, त्यांवर चादर, आजूबाजूला ठोकळे, एक केरसुणी उभी खोचलेली, आणि सगळ्यावर एक लाल फडकं. तू मला ओळखतोस. पंधरा मिनिटांत मी खुर्च्या भिंतीला लावल्या, ठोकळे रंगवार डब्यांत भरले, चादरीची काठाला काठ लावून घडी केली, फडकं फडक्यांच्या टोपलीत टाकलं, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

मुलं आली. कोणी रडलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. नात नुसतं म्हणाली, "आजोबा, आमचं जहाज कुठे गेलं?"

चार दिवस बांधत होती म्हणे ती मंडळी. मग बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. खेळ अर्धा टाकून जावं लागलं की त्यावर लाल फडकं घालायचं. म्हणजे हा पसारा नाही, खेळ चालू आहे, याला कोणी हात लावायचा नाही. झाडणारी बाईसुद्धा त्याच्या कडेकडेने झाडते. मी म्हणालो, "मी चांगल्यासाठीच केलं हो." आणि म्हणता म्हणता आठवलं, हेच वाक्य याच आवाजात मी तुला ऐकवलं होतं.

तुझी बायको जाऊन दोन आठवडे झाले होते. तू डॉक्टरकडे गेलास आणि मी तुझं घर आवरायला घेतलं. तिचं कपाट निम्मं रिकामं केलं. खुर्चीवर तिचं विणकाम होतं, एक बाही झालेली, दुसरी अर्धी. मी सुया काढल्या, सगळं उसवून लोकर गुंडाळली आणि पिशवीवर चिठ्ठी लावली: लोकर निळी, गोळा एक, सुया, नग दोन. तू आलास, खुर्चीकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "दादा, तू आता घरी जा." मी पिशवी उचलून तणतणत निघालो. एवढं राबलो त्याचं हे फळ, म्हणून दीड वर्ष तुझ्यावरच धुमसत होतो. आधीच्या सहा पत्रांत तुझा गुडघा, हवापाणी, सगळं आलं, ही बाही तेवढी आली नाही.

मुलांनी काय केलं सांगतो. त्यांच्यात एक कप्तान आहे, चड्डी एका हाताने धरूनच हिंडतो. तो म्हणाला, "परत बांधू." बांधलं. पहिल्यासारखं झालं नाही, आणि नातीने ते तोंडावर सांगितलंही. पण मला कामावर घेतलं. मी नांगर झालो. नांगराने टेबलाखाली बसायचं आणि हलायचं नाही. पाऊण तास बसलो (उचलायला दोन बाया लागल्या). तिथे बसल्या बसल्या आईचं शिवणयंत्र आठवलं. आपण त्याच्या खाली शिरून चाकाची मोटार करायचो, आणि चालक नेहमी तू, कारण नाहीतर भोकाड पसरायचास. बारक्या, मला तुझी फार आठवण येते रे.

बाकी सर्व क्षेम. मला काही नको आहे, उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. क. वर ठणठणीत लिहिलंय ते खरं नाही. नांगर झाल्यापासून कंबर धरली आहे.

ता. ता. क. लोकरीचा गोळा आणि दोन सुया माझ्याकडे जपून आहेत. ती बाही मला परत आणता येणार नाही, ते कळतं. मी येऊ का? "नंतर" म्हणालास तरी चालेल, तुझ्या जिन्यात बसून राहीन.

आणखी एक. सोबत लाल फडकं पाठवतोय. तिच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे माझ्या तावडीतून सुटले होते, कपाटाच्या कडीला ते बांध, म्हणजे मी आलो तरी हात लावणार नाही. फडकं बालवाडीचं आहे, नातीने बाईंना विचारून दिलंय, आणि सत्र संपायच्या आत परत करायचं आहे. पोस्टाने पाठवू नकोस, त्या पोस्टमनचा भरवसा नाही. तूच घेऊन ये. नाहीतर मला न्यायला बोलाव.