फुलांची गाडी आणि तुमची सफरचंदं

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार.

फुलं गेली. आज सकाळी गोदामातल्या तपासणीच्या बाईंनी खोकी उघडली, एक फूल उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि तसं जाहीर केलं. गाडीभर कार्नेशनची फुलं, सगळीच्या सगळी. या धंद्यात फुलं 'झोपली' असं म्हणतात. पाकळ्या आत वळतात, मान खाली पडते आणि मग ती काही केल्या उठत नाहीत. पत्राच्या सुरुवातीलाच अशी बातमी दिल्याबद्दल माफी असावी, पण तुमचं ब्लडप्रेशर आता आटोक्यात आहे असं आमची ही म्हणत होती, म्हणून धीर केला. गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? विटांची गाडी अजून डावीकडे ओढते का? इकडे माझी तब्येत ठीक आहे. गोदामाच्या भिंतीला टेकून बसलो आहे, समोर गाडी उभी आहे, आणि गाडीतलं मशीन मेलेल्या फुलांना अजून इमानदारीने गार ठेवतं आहे. विम्याचा माणूस उद्या सकाळी येऊन पाहून जाईपर्यंत ते बंद करायचं नाही, असा मालकांचा हुकूम आहे.

(फोनच केला असता. पण तुमच्या घरी फोन ताई उचलतात, लगेच स्पीकरवर टाकतात आणि मग शेजारचे शिंपीसुद्धा मधे मधे बोलतात. हे पत्र बर्फ्याच्या हाती देतो आहे. बर्फ्या म्हणजे आमचा आइस्क्रीमच्या गाडीवरचा ड्रायव्हर. तो तुमच्या बाजूला निघाला आहे आणि माल वितळेल या भीतीने वाटेत कुठेही थांबत नाही, तेव्हा पत्र वेळेवर मिळेल.)

तुम्ही परवा सहज म्हणून विचारलंत, की गार मालाची गाडी चालवण्यात फायदे काय आणि तोटे काय. फोनवर मी 'बरं असतं' एवढंच म्हणालो, कारण मागून हॉर्न वाजत होते. आज मागे कुणी नाही आणि वेळ भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फायदा पहिला, मान. विटांच्या गाडीवर कुणी चढून पाहत नाही, पण गार गाडी दिसली की लोकांचा आवाज खाली येतो. आत औषधं असतील, मासे असतील, फुलं असतील, काय सांगावं. सगळ्यांची समजूत अशी, की एवढं मोठं मशीन डोक्यावर घेऊन हिंडणारा ड्रायव्हर आत राजासारखा गारव्यात बसलेला असतो. साडूभाऊ, तो गारवा मालासाठी असतो. केबिनमध्ये एक छोटा पंखा आहे, तोही फक्त गाडी खड्ड्यात आपटली की फिरतो. पाठीमागे पत्र्याच्या पलीकडे टनभर आइस्क्रीम, आणि पत्र्याच्या अलीकडे मी, ओला टॉवेल मानेवर टाकून. तहान लागली तरी त्या आइस्क्रीमला हात लावता येत नाही. दाराला सील असतं.

मग गोदामावर पोहोचलं, की याच घामेजल्या अंगाने त्या थंडीत शिरायचं. त्यासाठी रजईसारखा जाड कोट मिळतो. तो घालून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते आणि काही दिसत नाही. मागच्या खेपेला असाच आंधळा होऊन मी चहाच्या टपरीवर गेलो, भर उन्हात, अंगात कोट, कान बांधलेले. टपरीवाल्याने चहा दिला, पण लांबूनच, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना हळूच म्हणाला, "काही बोलू नका, घरचं कुणी येत असेल न्यायला." सर्दी मला बाराही महिने असते. आमच्या डॉक्टरांनी आता तपासणं सोडून दिलं आहे. मला पाहिलं की बसल्या जागेवरून गोळ्यांची पट्टी पुढे सरकवतात.

दुसरा फायदा असा ऐकला होता, की गार गाडीला रांगेत आधी घेतात. आधी घेतात हे खरं, पण उभं करतात सगळ्यात लांब, कचऱ्याच्या ढिगापाशी, कारण मशीन दिवसभर घरघरत असतं आणि बाकीच्यांना झोप येत नाही. "तुझं धूड तिकडे ने रे!" हे वाक्य मी जितक्या भाषांत ऐकलं आहे, तितक्या भाषा मला कळतात हेही पूर्वी माहीत नव्हतं.

आणि झोप. हा फायदा की तोटा, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही. या मशीनच्या आवाजात मला जी झोप लागते, तशी आईच्या मांडीवरसुद्धा लागली नसेल. कुणी दार बडवलं, ट्रकचा टायर फुटला, तरी मी हलत नाही. पण मशीन बंद पडलं, की त्याच क्षणी मी टक्क जागा होऊन खाली उडी मारलेली असते, कारण मशीन बंद म्हणजे माल गेला. कान आता असेच झाले आहेत. घरी त्यामुळे पंचाईत होते. मागच्या सुट्टीत जेवून दुपारचा आडवा झालो होतो. स्वयंपाकघरातला फ्रीज नेहमीसारखा थोडा वेळ गुरगुरला आणि नेहमीसारखा थांबला. मी गादीवरून उठलो तो थेट अंगणात, बनियनवर, आणि जिथे गाडी उभी नव्हती तिथे गाडी शोधत उभा राहिलो. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी कपडे तसेच टाकून दार लावून घेतलं. आमच्या हिने रात्री झोपताना आपल्यासोबत फ्रीज खोलीत ठेवायचा का, एवढंच विचारलं, आणि ते चेष्टेत नव्हतं.

सगळ्यात मोठा तोटा मात्र नातेवाईक. (तुम्हाला वगळून लिहीन म्हटलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही.) गार गाडी घेतली की ती सगळ्या खानदानाची होते. कुणाचा केक, कुणाचं दही, कुणाच्या दातांच्या औषधाची बाटली. जाता जाता एवढं टाक रे. हिच्या चुलत मामांकडे तर वडील गेले तेव्हा थोरला मुलगा परगावाहून यायचा होता, आणि मामांनी मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, गाडी दोन दिवस रिकामी आहे का असं विचारलं. गाडीत कोबी होता. मी कोबीचं कारण सांगितलं. मामांकडची मंडळी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा कोबीबद्दलच बोलतात.

आता सफरचंदांकडे येतो.

तुम्हाला आठवत असेल, निघण्याआधी तुमचा फोन आला होता. वाटेत बागा लागतात, येताना एक पिशवीभर सफरचंदं आण, म्हणालात. मागून ताई ओरडल्या, "पिशवीभर कशाला, पेटी सांगा!" मग शिंप्यांनाही एक हवी होती, त्यांच्या व्याह्यांना एक, आणि फोन ठेवेपर्यंत पिशवीच्या सहा पेट्या झाल्या. मी म्हणालो, साडूभाऊ, मालाबरोबर बाहेरचं काही ठेवायचं नसतं. त्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अरे, एवढी मोठी थंडगार गाडी, एक कोपरा तर रिकामा असेलच की! फुलं काय सफरचंदं खाणार आहेत?"

खरंच, मलाही तेच वाटलं, आणि दाराला सील लागायच्या आधी मी सहाही पेट्या फुलांशेजारी सरकवल्या. मी नियम म्हणून नाही म्हणत होतो, नियमामागचं कारण मलाही माहीत नव्हतं. आइस्क्रीमला काय लागतं, माशाला काय, चॉकलेटला काय, ते मला पाठ आहे. मशीनचा आकडा मी वाटेत परत परत पाहिला आणि तो जागचा हलला नाही. पण सफरचंदं पिकताना कसलीशी हवा सोडतात म्हणे. तिला वास नाही, रंग नाही, आणि ती फुलांना म्हातारं करते. बंद पेटाऱ्यात लांबच्या प्रवासभर पिकलेल्या सफरचंदांशेजारी ठेवलेलं फूल एका फेरीत आयुष्य उरकतं. हे सगळं मला तपासणीच्या बाईंनी सांगितलं. ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या फुलांकडे बघत हळू आवाजात बोलत होत्या, हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसं. मी विचारलं, यातली काही अंत्यविधीच्या दुकानाला चालतील का, तिथे कोण निरखून बघतं? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही सफरचंदं कुणाची?"

मी म्हणालो, माझी.

मालकांचा फोन तासाभरात आला. मालक चिडले की बरं असतं, शिव्या देऊन मोकळे होतात. आज चिडले नाहीत. म्हणाले, इतकी वर्षं गाडी चालवलीस, तू काय भाजी बाजारात निघाला होतास का? मग म्हणाले, विम्याचा माणूस येऊन गेला की चावी नव्या माणसाला दे. माणूस मी बघितला आहे, त्याला गार मालाचं काही कळत नाही, पण मशीन काय, बटणच दाबायचं असतं. आणि तो आला नाही तर मग तूच गाडी घेऊन ये, इतक्यात मला दुसरा कुणी मिळायचा नाही, पुढचं पुढे बघू. हे शेवटचं वाक्य मी दिवसभर मनात घोळवतो आहे.

तर फायदे आणि तोटे असे आहेत. वाचून तुम्हीच ठरवा. विटांचं बरं, त्या कुठे झोपत नाहीत, म्हाताऱ्या होत नाहीत, आणि त्यांच्याशेजारी काहीही ठेवलं तरी चालतं. हिला अजून काही कळवलेलं नाही. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, शिंप्यांना काही नाही.

तुमचा धाकटा साडू

ता. क. नवा माणूस कोण, असं मी मालकांना विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तुझ्याच घरातला आहे, तुझा मोठा साडू, तुला अडचण नाही ना? मी म्हणालो, छे, अडचण कसली. तेव्हा परवाचा प्रश्न तुम्ही सहज विचारला नव्हतात, मालकांनी तुम्हाला आधीच विचारून ठेवलं होतं, हे मला आता कळलं आहे. राग नाही. तुमचा गुडघा विटांच्या चढ-उतारात गेला, आणि गार गाडीला चढ-उतार कमी असतो. हा फायदा वर लिहायचा राहिला. मुद्दामच राहिला.

ता. क. सफरचंदं कुणाची, हे मी मालकांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. हे धमकी म्हणून लिहितो आहे असं वाटलं तर वाटू द्या, मलाही लिहिताना तसंच वाटलं. सहाही पेट्या गोदामवाल्यांनी बाहेर काढल्या, त्या गाडीखाली सावलीत आहेत. एकही डागाळलेलं नाही. इतकी सुरेख सफरचंदं मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नाहीत.

ता. क. मुख्य म्हणजे, येऊ नका. मालकांना गुडघ्याचं कारण सांगा, ते खोटंही नाही. पण यायचंच ठरवलंत, तर मालकांच्या अंदाजाने तुम्ही उद्या दुपारपर्यंत इथे पोहोचाल. विम्याचा माणूस तोवर येऊन गेलेला असेल आणि मी मशीन चालूच ठेवून केबिनमध्ये आडवा असेन. हाका मारू नका, दार वाजवू नका, मला ऐकू येणार नाही. पुढून वळसा घालून या आणि मशीन बंद करा. मी लगेच उठेन आणि चावी देईन. आणि नाही आलात, तर मशीन आपोआप चालूच राहील.