मिटली ४१७

६ जानेवारी, सोमवार
आईनं सकाळी फोनवर विचारलं, "व्हय गं, तू तिथं नेमकं करती तरी काय?" घरातली पहिली पदवीधर मी, आणि आईला स्वतःचं काम सांगता येत नाही!

उस्मानपुऱ्यातलं ऑफिस छान आहे. माझ्या टेबलावर ऊन येतं. आमचं अ‍ॅप गावोगावच्या नर्स वापरतात. शुगरच्या पेशंटच्या पायावरच्या जखमेचा फोटो टाकला की जखम भरतेय की चिघळतेय ते कळतं. कोडमध्ये काही बदललं की ज्या तक्रारीसाठी बदललं तिचा नंबर सोबत लिहायचा. 'मिटली' लिहून नंबर टाकला की तक्रार आपोआप बंद. मला हे फार आवडलं. प्रत्येक बदलामागं एक माणूस.

८ जानेवारी
पहिला बदल केला: बटणाचा रंग. त्यासाठी कुणाची तक्रार नव्हती, आणि नंबराशिवाय सिस्टीम बदल घेत नाही. आमच्या टीमचे प्रमुख इंद्रजीत सर म्हणाले, ४१७ ला चिकटव, सगळे तिथंच चिकटवतात, मेलेली तक्रार आहे ती. मी लिहिलं: मिटली ४१७. शेजारची रूपा म्हणाली, आता तू आमच्यातली, पेढे काढ.

१० जानेवारी
४१७ वाचली. पाचोडच्या नर्स सरिताताईंची, दीड वर्षापूर्वीची. तिथल्या पेशंट आवडाबाईंची जखम ओली आहे, अ‍ॅप 'भरली' दाखवतं, म्हणून डॉक्टर येत नाहीत. खाली चिकटवलेले बदल, माझा धरून दोनशे तीन. लोगो, अक्षरांचा आकार, दिवाळीचं तोरण. जखमेसाठी एकही नाही. फोटोत टाचेवर रुपयाएवढी जखम. मला शिसारी आली, पण जखमेची नाही.

१३ जानेवारी
फोटो तोच, तारीख तीच. जखम वाटीएवढी. वर पातळ कातडी धरलीय, आणि तिच्याखाली पिवळं काहीतरी हलतं. रूपानं एक बदल चिकटवला तशी माझ्या डोळ्यांदेखत कातडीवर कातडी चढली. सरांना दाखवलं. म्हणाले, डोळे तपासून घे.
डबा उघडला तर पिठल्यावर साय. तसाच बंद केला.

१५ जानेवारी
सरिताताईंना फोन लावला. म्हणाल्या, ताई, वरून रोज मिटतंय, आत लई भरलंय. मीच डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी चिरलं तरी दुसऱ्या दिवशी बंद. आवडाबाई इचारतात, माझा पाय शिवतंय तरी कोण?

१६ जानेवारी
की-बोर्डच्या फटींतून वास येतो. गोड, कुजका. ज्या बोटानं ४१७ लिहिलं त्याच्या नखावर कातडी आली आहे. रूपाची तर तीन बोटं एकत्र— ती हसत दुसऱ्या हातानं टाइप करते. पुन्हा तोच नंबर.
सरांना म्हटलं, ४१७ पुन्हा उघडू या. म्हणाले, नोकरी नकोय का? बोलताना त्यांचे ओठ एका कडेनं—

१७ जानेवारी
सरांना आज बोलता येत नाही. खुणेनंच मला बाहेर जा म्हणाले.
गेले नाही. सगळे बदल ४१७ पासून सोडवले. तक्रार उघडली. जबाबदार म्हणून वर माझं नाव लिहिलं. अ‍ॅप आता म्हणतं: जखम ओली, डॉक्टर बोलवा.
सरिताताईंचा फोन— फुटली, वाहतीय, आवडाबाईंना गाडीत घातलं—
इथं सगळे ओरडतायत. रूपाची बोटं— टेबलाखाली ऊन ऊन, चिकट— माझ्याही टाचेतून—
आई, तू विचारलं होतंस ना. माझं काम मिटवायचं नाही. मी ती उघ—