आक्काच्या आवाजाचा टीव्ही

४ नोव्हेंबर, मंगळवार
पणती झाली! सोनीला मुलगी. दोघी सुखरूप. नाक माझं घेतलंय बिचारीनं, बाकी सगळं बापाचं. म्हणजे मी आता पणजी. आरशात बघितलं, काय फरक न्हाय. गुडघा तसाच.

लेकीला लेक झाली म्हणून माझा संभा सकाळी सकाळी पेढे आणायला पळाला. मिठाईवाला म्हणला, मुलगी झाली तर जिलेबी न्यावी. संभानं दोन्ही आणलं. निम्मी जिलेबी त्यानंच खाल्ली. आजोबा झाला, आता तरी साखर बघायची का न्हाय.

आक्काला फोन केला. आदी हसली. मग म्हणली, "पाळणा कोण म्हणणार गं सुंद्रे?"

आमच्यात पाळणा माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानंच म्हणायचा. संभाच्या बारशाला तिनं, सोनीच्या बारशाला तिनं. मला दोन ओळींपुढं येत न्हाय. आन् आता आक्का तिकडं धरणाकाठी बाजेवर पडलीय. केळीच्या बागेत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, इतक्यात गाडीत बसायचं न्हाय.

फोन ठेवताना म्हणली, "घ्या करून माझ्याबिगर." जेवण गेलं न्हाय मला. जिलेबी तेवढी गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बारसं सोळा तारखेला, रविवारी. सोनीची नणंद पुण्याहून येणार. नाव तिनंच ठेवायचं, आत्या की. आत्तापासनंच गुपित. लई भाव खाती.

सोनी दवाखान्यातनं आज घरी आली, म्हणली, आज्जे, आक्काआज्जीला व्हिडिओ कॉल करू. लावून बघितला. आक्का दिसली आन् तशीच थिजली, तोंड उघडं, डोळा एक मिटलेला. आवाज गेला, मग परत आला, तर मदीच "...म्हशीला..." एवढंच ऐकू आलं. धरणाकाठी रेंज अशीच. बारशात म्हशीचं काय करू.

मग संभा म्हणला, आपण जाऊन शूटिंग करून आणू आन् बारशाला टीव्हीवर लावू. बोलला आन् सगळ्यांनी टीव्हीकडं बघितलं. आमचा टीव्ही म्हणजे कडंला हिरवा पट्टा, आवाज पत्र्याच्या डब्यातला. बातम्या सांगणारी बाई कायम अर्धी हिरवी.

संभाला निमित्तच पायजे होतं. दिवाळीपासनं पेपरातल्या जाहिराती कापून ठेवालाय. मंगल (सून माझी, लई धोरणी) म्हणली, "मावशींचं नाव आन् तुमची मॅच." खरंय. पण मी संभाच्या बाजूनं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज दुकान! पाय दुखालेत पण झोपायच्या आदी लिहून ठेवते, न्हाय तर विसरंन.

एवढे टीव्ही एका भिंतीवर मी कधी बघितले न्हाईत. सगळ्यावर एकच चित्र, समुद्रातले मासे. मग बर्फ. मग पोपट, पण आपल्यातला न्हाय, चार रंगाचा. दुकानातला माणूस म्हणला, बघा आज्जी, पिसं पिसं मोजून घ्या. मी म्हणलं, बाबा, पोपटाचं काय करू, म्हातारी बाई लाव एखादी. तिच्या सुरकुत्या दिसल्या पायजेत, आन् तोंड हळद लावल्यागत दिसता कामा नये. त्याच्याकडं म्हातारी नव्हती.

संभाला भिंतीएवढा पायजे. दुकानवाल्यानं इचारलं, बसता किती लांब? संभानं हात पसरून दाखवलं. मंगल म्हणली, "तेवढ्यात आमचं सोफा, कपाट आन् शिलाई मशीन हाय. एवढा मोठा घेतला तर आपण गॅलरीत बसून बघायचा का वो?" शेवटी मदला ठरला. एचडीचं, त्याच्या वरच्या फोर केचं लई समजावून सांगितलं. मला एवढंच कळलं की ठिपके बारीक असले की चांगलं, पोळीवरच्या डागासारखं.

मग आवाजाचं. होम थेटर म्हणून पाच डबे आन् एक मोठा खोका. दोन डबे पाठीमागं लावायचे म्हणे. बटन दाबलं तर इमान डोक्यावरनं गेलं, मी खाली वाकले. संभा खूश. मी म्हणलं, आक्का पाठीमागनं बोलायला लागली तर मी मरंन की रे.

तवा माझ्या ध्यानात आलं. मंगलच्या मोबाइलात आक्काचा आवाज हाय, दिवाळीला पाठवलेला. म्हणलं, हे लावा. पाच डब्यातनं आक्का बोलली: "सुंद्रे, मी मेले का जित्ती हाय ते बघायला ये की गं!" आख्खं दुकान फिरून बघायला लागलं. एक बाई फ्रिजचं दार उघडं टाकून आली. पण आवाज बाप्याचा झालेला, हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी. म्हणलं, ही न्हवं माझी आक्का.

दुसरं लावलं. तेही न्हाय. मग एक लांबडी पट्टी, टीव्हीच्या खाली ठेवायची, साउंडबार. त्यानं कुटलं तरी बटन दाबून धडधड कमी केली आन् बोलणं वर काढलं. आक्का म्हणली, "सुंद्रे, मी मेले का जित्ती हाय..."

आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आले की गं आक्के!"

सगळे हसले. दुकानवाला म्हणला, आज्जी, झालं का पसंत? म्हणलं झालं. संभा पाच डब्यांकडं वळून वळून बघत होता, सासरी निघाल्यागत.

९ नोव्हेंबर, रविवार
टीव्ही आला, भिंतीवर चढला. दुकानातली पोरं खिळे मारताना शेजारची आली, "काय पाडालाय वो?"

कॅमेऱ्यावरनं वाद. मंगल म्हणती मोबाइल हाय की. पण शारदानं (आक्काची सून) मोबाइलवर काढून पाठवलं होतं, त्यात आक्का काळीकुट्ट आन् पाण्याच्या मोटारीचा आवाज आक्काच्या वर. कॅमेऱ्याच्या दुकानातला पण म्हणला, हल्ली हँडीकॅम कोण नेतं. संभा म्हणला, मी नेतो. त्याच्या लग्नात शूटिंगवाला खांद्यावर घेऊन फिरायचा, तवापासनं ह्याच्या मनात हाय. नवरदेव असून सारखा शूटिंगवाल्याकडंच बघायचा, मंगल अजून बोलून दाखवती.

घेतलाच. संगं कॉलरला लावायचा बारका माइक. दुकानवाला म्हणला, आवाज पायजे तर ह्यो खरा. ते मला पटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आक्काकडं जाऊन आलो. टेंभुर्णीत चहा. पुढं दोन्ही बाजूनं ऊस, मग केळी, मग पाणीच पाणी.

आक्का बारीक झालीय. पण जीभ तशीच. मला बघून म्हणली, "आलीस व्हय गं पणजीबाई." शारदानं माळ्यावरचा पाळणा उतरवून, पुसून, बाजेजवळ टांगून ठेवलेला. आक्काला पडल्या पडल्या दोरी ओढता यावी म्हणून. मोटार बंद केली. संभानं तीन पायांवर कॅमेरा उभा केला, एक डोळा मिटून असा बघाला की जसं काय लग्नच हाय. आक्काच्या पदराला माइक लावला. "ह्यो ढेकूण कशाला?" म्हणली.

सगळं चांगलं चाललेलं. माझ्याच हाताला काय खाज. संभाला दाखवायला म्हणून मी पाळण्याला झोका दिला, "बघ, असा हलंल."

आक्का ओरडली. "रिकामा पाळणा हलवतीस? अक्कल कुटं ठेवून आलीस?"

मला का ठाऊक न्हाय? रिकामा पाळणा हलवत न्हाईत. लहानपणी त्याच्यासाठी मार खाल्लाय. पण कॅमेऱ्याच्या नादात...

आक्कानं तोंड भिंतीकडं केलं. "मी न्हाय गाणार. पोर न्हाय पाळण्यात, गाऊ कुणाला? त्या तीन पायाच्याला? रिकाम्या पाळण्याला गायले आन् पोरीला काय झालं म्हणजे?" संभा म्हणला, मावशे, शूटिंग हाय नुसतं. "तुझं शूटिंग घाल चुलीत." मग तिचा आवाज बसला. म्हणली, "मी न्हाय तर न्हाय. कॅशेट लावा बाजारातली." डोळे पुसाली. मी पण.

आतनं शारदाचं वाटणं ऐकू यायलं. शेंगाची चटणी. तिच्याकडं अजून पाटा-वरवंटाच हाय, आक्का मिक्सरातली चटणी खात न्हाय.

मी उठलेच. म्हणलं, शारदे, दे तो वरवंटा!

बारशाला बाळाच्या आदी पाळण्यात कोण निजतं? वरवंटाच की! पाळण्याच्या खालनं वरनं त्यालाच देतात-घेतात. शारदानं धुतला, तरी लसणाचा वास. मी म्हणलं, असू दे, नजर लागायची न्हाय. आक्काच्या नातवाची जुनी कुंची हुडकली, वरवंट्याला घातली, लुगड्याच्या घडीवर निजवलं. आक्का तिरकी होऊन बघायली. तोंड अजून फुगलेलं. मग हात लांब करून कुंची सारखी केली. "डोकं उघडं ठेवतात व्हय?"

आन् दोरी धरली.

काय गायली! पडल्या पडल्या, दम लागत होता, पण एक शब्द सुटला न्हाय. नावाच्या जागेला आल्यावर थांबली. नाव ठाऊक न्हाय की कुणालाच. आक्कानं कानावर हात ठेवला, ऐकल्यासारखं केलं, वाट बघितली, मग मान हलवून "चांगलं ठेवलंय" म्हणली आन् पुढचं कडवं.

येताना शारदानं चटणी बांधून दिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
टीव्हीवर लावून बघितलं. आक्का नारंगी! जसं काय हळदीला बसवलीय. दुकानात असं न्हवतं. सोनीनं मांडीवर पोर घेऊन एका हातानं रिमोट दाबला, म्हणली, आज्जे, दुकानातल्या भडक दिव्यांसाठी रंग वाढवून ठेवतात, घरात कमी करायचा. केला. आली आक्का, तिच्या खऱ्या रंगात. सुरकुत्या सगळ्या. ओठ आदी हलायचे आन् आवाज मागनं यायचा, तेही तिनं बसवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
थोडक्यातच लिहिते. बाया मावत नव्हत्या. वरवंटा शेजारणीचा आणला, आमच्यात आता मिक्सर.

वरवंटा उचलला, पोरीला निजवलं. संभानं टीव्ही लावला. आदी सगळ्या "अगं बाई, केवढा टीव्ही" करालत्या. आक्का गायला लागली आन् गप झाल्या. पट्टीतनं आवाज असा, जणू पडद्याच्या आत बाज हाय. माझा डावा कान कामाचा न्हाय, तरी मला शब्द न् शब्द.

नावाची जागा आली. आक्का थांबली. कानावर हात. आख्ख्या खोलीकडं बघत बसली. एक बाई म्हणली, अडकला का काय. मी म्हणलं, "अडकला न्हाय. ती वाट बघतीय. सांग की गं आत्याबाई!" आत्या दचकली. पटकन वाकली, पोरीच्या कानात बोलली, मग मोठ्यानं, "नायरा!"

टीव्हीत आक्कानं मान हलवली. "चांगलं ठेवलंय."

काय हसल्या बाया, आन् काय रडल्या! मंगल पण. मंगल! संभानं सगळं शूटिंग केलं, पण निम्म्या वेळ कॅमेरा टीव्हीचंच शूटिंग करत होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आक्काचा फोन. "काय नाव ठेवलं?"
"नायरा."
"ह्ये काय नाव?"
"तूच म्हणलीस की चांगलं ठेवलंय. टीव्हीवर हाय, पन्नास बायांनी ऐकलं."
"मी ते वरवंट्याला म्हणले."
मग म्हणली, "पोरीला मी गायले न्हाय अजून."

बारशाचं शूटिंग शारदाच्या मोबाइलवर पाठवलं होतं. म्हणली, मुंगीएवढी दिसती, नाक कुणाचं ते पण कळंना. सांगितलं माझं हाय. "मग बघायलाच पायजे," म्हणली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज शारदाचा फोन. रडकुंडीला आलेली. "मावशी, पोरीला घेऊन कवा येताय वो? सासूबाईंनी वरवंटा पाळण्यातच ठेवलाय. कुंचीसकट. पोर येईस्तोवर उचलायचा न्हाय म्हणतात, पाळणा रिकामा राहील. मी चटणी मिक्सरात करालीय, आन् तिलाच नावं ठेवालेत!"

पाठीमागनं आक्काचा आवाज, "तिला सांग, नाव बी मी माझं वेगळं काढलंय. आत्ता सांगणार न्हाय."

सव्वा महिना झाल्याबिगर सोनी हलायची न्हाय. नंतर तिच्या सासरचे लगेच नेतो म्हणालेत. मंगल म्हणती, आदी सासर. संभानं कॅमेरा चार्जिंगला लावलाय. मी लाडवाचा डिंक तळाली होते.

दुपारी सोनीला म्हणलं, आक्काला लाव जरा. लावलं. नावाच्या जागेला पोर रडली, म्हणून सोनीनं तितंच थांबवलं आन् आत गेली. आक्का भिंतीवर, कानावर हात ठेवून थांबलीय. मान अजून हलवली न्हाय.

म्हणलं, थांब की गं आक्के जरा. बघते कसं जमतंय.