सचिनची शेंगापोळी

रविवार, संध्याकाळ

पाहुणे गेले. धाकट्या भावाचं, सचिनचं, ठरत आलेलं लग्न मी मोडलं म्हणे. आई आत भांडी आपटतेय.

मुलीच्या वडिलांना आईच म्हणाली होती, "लहानपणापासून इन्सुलिन घेतोय, पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी परत येत्यात की. आमची संगीता कॉलेजात हेच शिकवती." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी शिकवलंच. म्हटलं, उंदरांत थोड्या येतात, मोठ्या माणसात फारच क्वचित. आणि सचिनच्या अंगात आल्या तरी त्याचंच शरीर त्यांना मारून टाकतं. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

एवढं सविस्तर सांगायची काय गरज होती? वर्गात पोरं ऐकत नाहीत, इथं सगळे ऐकत होते. छान वाटलं. लिहूनच टाकते, छान वाटलं.

पण सचिन. त्याच्या पुढ्यातली गूळ-शेंगदाण्याची शेंगापोळी तशीच होती. आजवर त्यानं तिला कधी हात लावला नाही. मला वाटायचं, पथ्य. सगळे गेल्यावर म्हणाला, "ताई, मला वाटायचं, गोड सोडलं की आतल्या ग्रंथीला विश्रांती मिळती, मग पेशी येत्यात. म्हणजे न्हायच येणार?"

"नाही," म्हटलं. तेही लगेच.

त्यानं शर्ट वर करून पोटात सुई टोचली, पोळी उचलली आणि सावकाश सगळी खाल्ली.

"लई गोड असती की," म्हणाला.

मग माझ्या ताटलीतल्या पोळीकडं बघितलं. मी ती पुढं सरकवली.