हीटर प्लग आणि काकडा

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी निमगाव सावाला जाऊन आलो. दत्तूचा दहावा झाला आणि त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन, जनरेटर बघून जा म्हणून. आता कशाला, असं ओठावर आलं होतं, गिळलं.

इंजिन तापवणारे हीटर प्लग कधीच गेले होते. थंडीत दत्तू चिंध्यांचा काकडा पेटवून इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरायचा, मग इंजिन धरायचं. बदलून घे म्हटलं की हसायचा, "काकड्यावर चालतंय की राव." पुढं त्याला घरीच ऑक्सिजनचं मशीन लागलं आणि काकडा वहिनींच्या हातात आला. तो गेला त्या पहाटे लाईट गेली, मशीन बंद पडलं. काकडा पेटला, इंजिन काही धरलं नाही.

आज मीटर लावला. सगळे प्लग मेलेले. नवे बसवत होतो, तेवढ्यात वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊ, हे आधी बदललं असतं तर चालू झालं असतं का? का माझाच हात चुकला व्हता?"

प्लगचं नाव घ्यावं तर दोष दत्तूवर, नाही तर वहिनींवर. म्हटलं, "एवढ्या थंडीत कुठलंच इंजिन धरत नाय, वहिनी."

पण काम झालं की चालू करून बघावंच लागतं. गार इंजिन, सकाळची तीच थंडी. किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात सुरू.

वहिनी खिळ्याला अडकवलेल्या त्या जळक्या काकड्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद करा, भाऊ."