तिसऱ्या कडव्यातला भैरू

६ फेब्रुवारी, गुरुवार

पारंपरिक! म्हणे पारंपरिक!

आज म्युझिक कंपनीचं उत्तर आलं. बाबांचं हळदीचं गाणं, सत्त्याण्णव सालच्या कॅसेटवरचं. त्यांनी ते डीजे लावून नव्यानं काढलं, लाखो लोक त्यावर नाचले, आणि गीतकार म्हणून खाली काय? 'पारंपरिक'. म्हणजे कुणाचंच नाही, म्हणून रॉयल्टीही कुणाला नाही. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. असते तर कंपनीच्या दारात ढोलकी घेऊन बसले असते.

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. ऐरोलीच्या पगारात फ्लॅटचा हप्ता भरताना तोंडाला फेस येतो. पण आधी नाव. नामदेव केणी. ते लागलंच पाहिजे.

८ फेब्रुवारी

निखिल, कॉलेजचा मित्र, आता वकील आहे. म्हणतो, "कोर्टात गेलीस तर म्हातारी होशील, अबोली. मध्यस्थीनं बघू." कंपनीही तयार आहे. एक तिसरं माणूस मधे बसून समेट घडवायला बघणार. नाहीच जमलं तर लवाद, आणि मग त्याचा निर्णय मुकाट मान्य करायचा. आईला सगळं समजावलं. ती बोंबील साफ करत होती. "तू बोलशील तसा," एवढंच बोलली.

मागे तिला ते नवं गाणं मोबाइलवर लावून दिलं होतं. तिसरं कडवं आलं नि तिनं फोन पालथा ठेवला. बाबांची आठवण आली असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाशीला पहिली बैठक. डोकं भणभणतंय.

मध्यस्थ राजनंदिनी मॅडम बऱ्या वाटल्या. कमी बोलतात, पाणी विचारतात. कंपनीचा वकील मात्र भलताच गोड.

"ताई, तुमच्याकडे हळदीच्या गाण्यात नवरदेवाचं नाव घालतात ना?"

घालतातच. ज्याची हळद त्याचं नाव. घर बदललं की नाव बदलतं.

"मग कॅसेटवर तिसऱ्या कडव्यात 'भैरूला हलद लागली गो, खाडीचा पानी पिवला'... हा भैरू कोण?"

मी निखिलकडे बघितलं, तो माझ्याकडे.

"म्हणजे कुठल्या तरी भैरूच्या लग्नात ऐकलं, तसंच उचललं. नाव बदलायचंही राहिलं. आम्ही तिथे 'राजाला' केलं, सगळ्यांना चालतं."

माझ्या बाबांना चोर म्हणाला तो, हसून! टेबलाखाली निखिलनं माझा पाय दाबला म्हणून, नाहीतर बाटली फेकली असती.

वर एकरकमी चार लाख देतो म्हणे, पण 'पारंपरिक' तसंच राहणार. मॅडम म्हणाल्या, "भैरूचा उलगडा होतोय का बघा. एक मार्चला पुन्हा बसू."

१६ फेब्रुवारी

झोप नाही. भैरू, भैरू, भैरू.

१९ फेब्रुवारी

ऑफिसातून थेट बोनकोड्याला, बंडूकाकांकडे. बाबांबरोबर पंचवीस वर्षं ढोलकी वाजवली त्यांनी. भैरू कोण, त्यांनाही ठाऊक नाही! उलट म्हणाले, "नामा कुनाचेबी हलदीत तिथं भैरूच बोलायचा. दिवाले गावात नवऱ्याचा चुलता मारायला उठलेला. 'आमचा पोरगा काय मेला हाय?' बोलला. तरी नामा बदलंल तर शप्पथ!"

का पण? बाबा, का? एवढा कसला हट्ट?

२३ फेब्रुवारी, रविवार

करंजाड्याला धाकट्या मामाकडे. त्यांचं गाव नव्या विमानतळात गेलं नि यांना इथे प्लॉट मिळाला. घर नवं, पण थोरल्या मामांचा हार घातलेला फोटो जुनाच. ते माझ्या जन्माआधी गेले. या घरात त्यांचा विषय कुणी काढत नाही, सगळे नुसतं 'थोरला' म्हणतात. आजी होती तेव्हा तर फोटोकडे बघायचीही नाही.

मामाला विचारलं, भैरू नावाचं कुणी ऐकलंयस? त्याचा घास हातातच राहिला. "तुजे आयेला विचार," म्हणाला आणि टीव्ही मोठा केला.

घरी येऊन आईला विचारलं. "भात लावायचा हाय," म्हणाली. सगळ्यांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय!

२८ फेब्रुवारी

ठरलं. उद्या सांगून टाकते: भैरू कुणी नाही, बाबांना तो शब्द चालीत बसवायला बरा वाटला. खोटं तर खोटं. बाबांसाठी एवढं करायला नको?

आईला तसं सांगितलं. तिनं उठून कपाट उघडलं. मग, "मना पन यायचा हाय उद्या." लग्नातलं लुगडं काढून ठेवलंय.

१ मार्च, शनिवार

मी तोंड उघडलं आणि आईनं माझा हात धरला. "गप ऱ्हा." मग मॅडमना, "मना तुमचेशी एकटीला बोलायचा हाय."

मॅडमनी आम्हाला बाहेर काढलं! मलाही! चाळीस मिनिटं कॉरिडॉरमध्ये येरझारा घातल्या. एकदा दाराआडून कुणी तरी गातंय असं वाटलं. आई आयुष्यात कधी गायली नाही, म्हणजे मॅडमनी कॅसेट लावली असणार.

आई बाहेर आली. डोळे लाल. "च्या पिऊ," म्हणाली. मॅडमना विचारलं तर, "आत बोललेलं त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही." आईला विचारलं तर, "कागद येव दे, मंग वाच."

मला धडकी भरलीय. चार लाखांना कबूल होऊन आली असेल तर?

६ मार्च

समेटाचा मसुदा आला. कंपनीला मान्य. गीत व चाल: सत्यभामा नामदेव केणी.

आईचं नाव! टायपिंगची चूक समजून निखिलला फोन लावला. चूक नाही. सोबत दोन कडवी जोडलीत, कॅसेटवर नसलेली. रॉयल्टीचं कलम आईनं वाचूनही घेतलं नाही म्हणे. तिची अट एकच: नव्या गाण्यातला 'राजा' काढून तिथे पुन्हा 'भैरू' घालायचा.

आईसमोर जाऊन बसले. या वेळी बोलली.

"थोरला भाव माजा, भैरू. तेचे हलदीला मीच बांधलेला ह्यो गाना. साल नाय झाला, दर्यानं नेला तेला. मंग मी गाईलीच नाय. तुजे बापाला गाना दिला तवा येकच बोलली, माजा नाव कुनाला सांगू नको, आन् गान्यातून तेचा नाव काडू नको."

मार खायची वेळ आली, तरी बाबांनी काढलं नाही.